'डीजे' या संज्ञेचा प्रवास आणि वऱ्हाडातील मिरवणूक
(अमरावती व अकोला यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
वऱ्हाडात 'डीजे' हा शब्द आज सहसा व्यक्तीसाठी वापरला जात नाही. लग्नघरातील बोलण्यापासून पोलीस ठाण्याच्या नोटिशीपर्यंत 'डीजे' म्हणजे ट्रॉलीवर किंवा मेटॅडोरवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, तिचे जनरेटर, दिवे आणि ती चालविणारी माणसे मिळून होणारी संपूर्ण यंत्रणा होय. 'डीजे लावला', 'डीजे जप्त झाला' हे प्रयोग याची साक्ष देतात. मूळ 'डिस्क जॉकी' ही संज्ञा मात्र १९३० च्या दशकात अमेरिकेत, रेडिओवर तबकड्या लावून मध्येमध्ये बोलणाऱ्या निवेदकासाठी रूढ झाली. बोलणाऱ्या माणसाचे नाव न बोलणाऱ्या यंत्राला कसे मिळाले आणि या बदलात गीतातील शब्दाचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ध्वनिप्रदूषण हा या विषयाचा एक भाग आहे. चर्चासत्रांतून तोच संपूर्ण विषय मानला जातो, हे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे आहे.

किंग्स्टनचा दाखला :
या संज्ञेचे असेच स्थलांतर पूर्वी जमैका बेटावर घडले होते. १९५० च्या दशकात किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमध्ये, जेथे वाद्यवृंद बोलावणे परवडत नसे, तेथे उघड्या जागेत मोठे ध्वनिक्षेपक मांडून तबकड्या वाजविल्या जाऊ लागल्या. ड्यूक रीड व कॉक्सन डॉड यांच्या 'साऊंड सिस्टिम' विशेष गाजल्या. अमेरिकेच्या दक्षिण भागातील रेडिओ केंद्रांनी तेथील श्रोत्यांची रुची घडविली होती. (१९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांना आवर घातला तेव्हा भारतीय श्रोताही असाच समुद्रापलीकडे, रेडिओ सिलोनकडे वळला होता.) तेथे तबकडी निवडणारा 'सिलेक्टर' आणि तिच्यावर माईकवरून यमके जुळवीत बोलणारा 'डीजे' ठरला. तबकडीच्या दुसऱ्या बाजूस गायन वगळून केवळ ताल व खर्ज ठेवलेले 'व्हर्शन' असे. किंग टबी याने त्यातून 'डब' ही शैली घडविली, १९७० मध्ये यू-रॉयच्या बोलक्या तबकड्या लोकप्रिय झाल्या आणि दशकाच्या अखेरीस 'डान्सहॉल' उदयास आले. थोडक्यात, तेथे गीतातील जुना शब्द काढला गेला, तो नव्या शब्दाला जागा करून देण्यासाठी.

भारतात 'व्हर्शन'चा अर्थ नेमका उलट झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(जे) चा आधार घेऊन, सूचना व रॉयल्टी देऊन, मुद्रित गीत नव्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेता येत असे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्यावर टी-सिरीजने या तरतुदीचा मोठा लाभ घेतला. शब्द व चाल तीच, आवाज तेवढा दुसरा. त्यावर नवा ठेका चढवून रिमिक्स आले. 'समाधी' (१९७२) या चित्रपटातील 'कांटा लगा' या गीताचे २००२ मधील रूपांतर हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ मुद्रणाच्या वर्षानंतरची पाच वर्षे संपेपर्यंत असे पुनर्गायन करता येत नाही. मिरवणुकीतील रिमिक्सचा व्यवहार मात्र पेनड्राइव्हवर चालतो. या कलमांची तेथे क्वचितच आठवण होते.

वऱ्हाडातील वाटचाल :
वऱ्हाडातील डीजेचा पूर्वज शोधावयाचा तर तो बिछायत केंद्रात सापडतो. सतरंज्या, मंडप व भांडी यांच्याबरोबर अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि कर्णे भाड्याने देणारा दुकानदार हाच येथील पहिला ध्वनिव्यावसायिक. वरातीचा मान मात्र डफडे, सनई आणि पुढे बँडपार्टीचा होता. गावगाड्यात डफडे वाजविणे ही केवळ कला नव्हती. ते अस्पृश्य मानलेल्या जातींवर लादलेले काम होते. आंबेडकरी चळवळीने अशी जातबद्ध कामे नाकारली. अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नाच्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली होती, याचे स्मरण येथे उचित ठरेल. सार्वजनिक जागेवरील हक्काचा हा प्रश्न वऱ्हाडात तेव्हापासूनचा आहे. त्यामुळे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भाड्याने आणलेल्या यंत्राचा अर्थ वरातीतील यंत्रापेक्षा वेगळा होतो. यंत्राला जात नसते. पैसे मोजले की ते कोणाच्याही पुढे वाजते. याच यंत्राने डफडे व बँड वाजवून पोट भरणाऱ्या कुटुंबांचा हंगाम हिरावून घेतला, हीदेखील त्याच घटनेची दुसरी बाजू आहे.

शब्दाची परंपरा वऱ्हाडात दुबळी होती असे मुळीच नाही. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात समुदायाला प्रश्न विचारीत आणि उत्तर वदवून घेत. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीच्या ठेक्यावर भजन उभे करीत. भीमगीतांच्या गायनपार्ट्या आणि कव्वालीचे सामने यांत एकाने टाकलेल्या सवालाला दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागे. किंग्स्टनच्या डीजेचा वऱ्हाडी भाऊबंद कोणी असेल तर तो हा कव्वाल होय, ट्रॉलीवरील तंत्रज्ञ नव्हे. तरीही या दोघांची गाठ पडली नाही. सामन्याचा मंच एका जागी असतो, श्रोता बसलेला असतो. डीजेची गाडी सरकत असते, मागेपुढे दुसऱ्या मंडळाची गाडी असते आणि स्पर्धा उत्तराची नसून आवाजाची असते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या परंपरेतील भीमगीतांत आशयाचा भार अंतऱ्यांवर असतो. रिमिक्समध्ये मुखड्याची एखादी ओळ उचलून ती ठेक्यावर फिरविली जाते, अंतरे गळतात. नाचणाऱ्या पिढीला ते अंतरे आईवडिलांच्या कॅसेटमुळे पाठ असतील, तोवर ही ओळ खुणेसारखी काम करते. त्यापुढील पिढीचे काय, हा प्रश्न गायनपार्ट्या किती टिकतात यावर अवलंबून आहे.

कायद्याची मोजणी :
१४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील बंदीचा पुरस्कार केला. सप्टेंबर २०१८ मध्ये गणेश विसर्जनासाठी डीजेला मुभा देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. रुग्ण, वृद्ध व परीक्षार्थी यांच्या दृष्टीने हे निर्बंध न्याय्य आहेत. तथापि एक तांत्रिक बाब दुर्लक्षित राहते. नियमांतील मोजणी 'डीबी(ए)' या परिमाणात होते. मानवी कानाच्या संवेदनेला अनुसरून हे परिमाण खालच्या कंप्रता कमी धरते. ५० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. डीजेचा 'बेस' नेमका याच पट्ट्यात असतो आणि भिंतीतून पार जाण्याची क्षमताही याच लहरींत अधिक असते. परिणामी मापकाचा आकडा अल्प दिसत असतानाही रस्त्यालगतच्या घरांची तावदाने थरथरू शकतात.