उन्हातली पांढरी चादर

सिनेमाचा इतिहास सांगताना कॅमेऱ्याचं नाव निघतं, नटांचं निघतं. आज आपण बोलूया एका पांढऱ्या चादरीबद्दल.

३ मे १९१३ ला मुंबईत, गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याचं बरंचसं चित्रीकरण दादरला झालं, सूर्याच्या उजेडात. तेव्हाच्या फिल्मला भरपूर उजेड लागायचा.

ऊन फुकटचं, पण हट्टी. सूर्य डोक्यावर आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाका-हनुवटीखाली सावली उतरते. तरणीताठी बाईसुद्धा दमलेली दिसते. उपाय साधा. समोरून पांढरी चादर धरायची, म्हणजे तिच्यावरचं ऊन परतून चेहऱ्यावर येतं. चादर जवळ आणली की सावली विरते, चेहरा मोकळा वाटतो. लांब नेली की सावली दाटते आणि तोच चेहरा दुःखी दिसतो. सूर्य सरकेल तशी चादरही सरकवायची. ही चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहायच्या सरस्वतीबाई, फाळक्यांच्या पत्नी.

त्यांचं काम तेवढ्यावर भागत नव्हतं. ६०-७० माणसांचा स्वयंपाक, रात्री फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं. दागिने तर आधीच गेले होते. पडद्यावर काम करायला तेव्हा बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. (पुरुषाचा चेहरा बाईचा दाखवायचा, म्हणजे सावल्या जास्तच सांभाळाव्या लागल्या असतील, असं आपलं आम्हाला वाटतं.)

पुढे कलकत्त्यात असंच कापड डोक्यावर चढलं. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’साठी काशीच्या घराचं अंगण स्टुडिओत बांधलं होतं. चारी बाजूंनी भिंती असल्या की अंगणात थेट ऊन कमीच येतं, आभाळाचा उजेड तेवढा झिरपतो. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत खालून त्यावर मारला. कापडावरून परतलेला उजेड मऊ होऊन खाली आला, कडक सावल्या पडल्याच नाहीत. सर्वजयेचा नवरा त्या घरात आजारी पडतो, तेव्हा आपण नाटक बघतोय असं वाटत नाही. शेजारच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं.

१९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये गुरुदत्त यांना नेमकं उलटं हवं होतं. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी दोन मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन अंधाऱ्या स्टुडिओत आणलं. कौलातून कवडसा पडतो ना, तसाच, पण माणसाहून मोठा. रिकामा स्टुडिओ, काळोखात तो आणि ती, मध्ये उजेडाचा झोत. आपला डोळा आधी उजेडाकडे जातो, मग त्या दोघांमधल्या अंतराकडे. कुणी काही बोलत नाही, तरी यांचं जुळणार नाही हे कळून चुकतं.

मूर्तींना पुढे २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. पुरस्कार फाळक्यांच्या नावाचा. सरस्वतीबाईंचं नाव मात्र आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय?

आता आपल्या गटांच्या बैठकीतही मोबाइल निघतो. बोलणारी नेमकी दाराकडे पाठ करून बसते, म्हणजे उजेड मागून आणि तोंड काळं. हिशोब सांगते ती, आणि दिसते दाराची चौकट! तिला दाराकडे तोंड करून बसवा. एक गाल अंधारात राहिला तर त्या बाजूने दुसरीने पांढरं धोतर ताणून धरावं. चित्रीकरण करणारीच्या नावाशेजारी आम्ही आता धोतर धरणारीचंही नाव घालतो. कापड पांढरंच घ्या. लाल-हिरवं लुगडं धरलं तर त्याचा रंग चेहऱ्यावर उतरतो.