आरंभशूरांची कैफियत

दहा कामे हाती घ्यावयाची, नऊ अर्धी टाकावयाची आणि दहावे कोठे ठेवले तेच विसरावयाचे, अशा मनुष्यास नावे ठेवण्याच्या कामी मराठी भाषेने कधी कंजुषी केलेली नाही. धांदरट, वेंधळा, विसराळू, चळवळ्या, उतावळा आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे आरंभशूर! प्रत्येक शब्दात थोडी थट्टा आहे व पुष्कळसा दोषारोप आहे. या माणसाची काही अडचण असेल, असे सुचविणारा शब्द मात्र त्या यादीत सापडत नाही. शाळकरी पोराला ही विशेषणे चिकटली तर घरची मंडळी हसून सोडून देतात. पस्तिशीच्या कारकुनाला, दोन लेकरांच्या आईला किंवा एखाद्या भातगिरणीच्या मालकाला ती चिकटली म्हणजे हसणे संपते. विम्याचा हप्ता चुकतो, वरिष्ठांचा शेरा येतो, दिलेला शब्द पाळला जात नाही, आणि ‘तुम्हांला आमची किंमतच नाही’ या वाक्यावर संसारातील बोलणे थांबते.

या अवस्थेस आजचे वैद्यकशास्त्र ‘एडीएचडी’ म्हणते. अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे त्याचे मराठी करितात. २०२१ साली निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी मिळून एक एकमत-निवेदन प्रसिद्ध केले. त्यात प्रौढ माणसांपैकी शेकडा सुमारे अडीच जणांत ही अवस्था आढळते असे नमूद आहे. ती बव्हंशी आनुवंशिक असते, हेही त्यात आहे. बाप तसाच मुलगा या आपल्याकडील उक्तीला एवढा आधार मिळाला म्हणावयाचा.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका सहज उभी राहील. चित्त कोणाचे चंचल नसते? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारख्या धनुर्धराने मन आवरत नाही अशी तक्रार केलीच आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. आपल्या पूर्वजांस हे सर्व ठाऊक होते, असे म्हणून समाधान मानणारे लोक अशा वेळी पुढे सरसावतात. ते समाधान फसवे आहे. भाष्यकार मनुष्यमात्राच्या चित्ताविषयी, आणि तेही साधकासाठी बोलत होते. पोस्टात टाकावयाचे पत्र तीन आठवडे खिशात घेऊन हिंडणाऱ्या गृहस्थाचा विचार त्यांच्यापुढे नव्हता. वैद्य जो भेद करितात तो प्रमाणाचा व कालाचा आहे. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असावीत, ती घरी व कामावर अशी एकाहून अधिक ठिकाणी असावीत, आणि त्यांपायी जीवनात खरोखर नुकसान होत असावे. परीक्षेच्या आधी आठ दिवस अभ्यासात मन न लागणे हा काही रोग नव्हे.

युरोपातील वैद्यांनी या गोष्टीकडे प्रथम पाहिले ते अठराव्या शतकात. मेल्खिओर आडाम वाइकार्ड या जर्मन वैद्याने १७७५ साली अवधानाच्या अभावावर एक प्रकरण लिहिले. त्याचे उपाय वाचून आज मौज वाटते: अंधारी शांत खोली, गार पाण्याचे स्नान, घोड्यावरची रपेट आणि आंबलेले दूध. ताकाचा हा महिमा वऱ्हाड-नागपुराकडे कोणास नवा वाटणार नाही. तथापि, व्यायामाची उपयुक्तता त्याने ओळखली होती, हे विसरता कामा नये. पुढे १७९८ साली अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अधिक सूक्ष्म वर्णन केले. कुत्र्याचे भुंकणे, मेज सरकविण्याचा आवाज, उजेडातील किंचित फरक, एवढ्यानेही अशा माणसाचे लक्ष उडते, असे त्याने लिहिले. ही स्थिती कोणी जन्मतःच घेऊन येतो व कोणास ती आजाराने जडते, हेही त्याने सांगितले. पण वय वाढले की ती ओसरते, असे एक मत त्याने दिले, आणि ते मत पुढे पावणेदोनशे वर्षे वैद्यांच्या डोक्यातून हलले नाही.

फ्रांकफुर्टच्या डॉक्टर हाइन्रिख होफमन यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांची एक वही तयार केली. ती पुढल्या वर्षी छापली गेली व जगभर पसरली. जेवणाच्या मेजावर चुळबुळ करून सारी थाळी-भांडी ओढून पाडणारा फिलिप, आणि आकाशाकडे पाहत पाण्यात पडणारा हान्स, ही पोरे तिच्यात आहेत. दोघांचीही फजिती होते. म्हणजे दोष पोराचा आणि शिक्षाही पोरालाच.

हा दोषारोप वैद्यकाच्या व्यासपीठावरही चढला. लंडनच्या राजवैद्यक महाविद्यालयात जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही ज्यांना स्वतःस आवरता येत नाही अशा मुलांचे त्यांनी मोठ्या काळजीने वर्णन केले. पण त्या अवस्थेला नाव दिले ते ‘नैतिक नियंत्रणातील न्यूनता’ असे. शरीरातील कारण शोधणाऱ्या या सज्जन वैद्याच्या हातून नीतीचा शिक्का बसला. पुढे १९१७ च्या सुमारास मेंदूज्वराची साथ आली. तीतून वाचलेल्या मुलांपैकी कित्येक विलक्षण चंचल व बेफाम झाली, आणि मेंदूकडे पाहणे वैद्यांना भागच पडले. १९३७ साली अमेरिकेतील ईस्ट प्रॉव्हिडन्स गावच्या बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी तीस मुलांस बेन्झेड्रिन नावाचे उत्तेजक औषध दिले. उत्तेजक औषधाने चंचल मूल अधिकच उड्या मारील, असे कोणीही म्हटले असते. प्रत्यक्षात सुमारे निम्मी मुले शांतपणे गणिते सोडवू लागली. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट हे औषध तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव रिटा. त्यावरून औषधास ‘रिटालिन’ हे नाव मिळाले.

हे सर्व मुलांविषयी झाले. वाढलेल्या माणसांचे काय? मूल मोठे झाले की खोड जाते, हा समज इतका दृढ होता की, खोड न गेलेल्या माणसाला रुग्ण म्हणण्याऐवजी नालायक म्हणणे सोपे जात असे. अमेरिकेच्या युटा प्रांतात पॉल वेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली पंधरा प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा या समजाला पहिला मोठा धक्का बसला. १९८० साली अमेरिकन मनोविकार-वैद्यांच्या वर्गीकरणात प्रौढांसाठी ‘अवशिष्ट प्रकार’ असे एक कोपऱ्यातले स्थान मिळाले. आणि २०१३ साली निकषच बदलून प्रौढास सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरविण्यात आली. कारण उघड आहे. चाळिशीचा गृहस्थ बाकावर उड्या मारीत नाही. त्याची चुळबुळ आत गेलेली असते. तो सभेत बसून आतल्या आत धावत असतो.

आता ही सगळी परदेशची कथा गोंदिया जिल्ह्याच्या मातीवर आणून पाहू. भंडाऱ्यापासून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा, धानाचा, तेंदूपानांचा व विडीचा. या चारही व्यवसायांची रचना पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. पावसाळ्यात बांध्यांत रोवणी चालते, तेव्हा बाया ओळीने वाकून चिखलात धानाचे रोप रोवीत मागे सरकतात. ज्या बाईचे मन आभाळातील ढगाबरोबर निघून गेले, तिला शेजारणीचा हात परत आणतो; ओळ कोणासाठी थांबत नाही आणि कोणाला मागेही टाकीत नाही. गाणे चालू असते, काम डोळ्यांपुढे असते, रोवलेली बांधी लगेच हिरवी दिसते. उन्हाळ्यात तेंदूपान तोडावयाचे ते पहाटेस निघून. सत्तर पानांचे एक पुडके बांधावयाचे आणि त्याच दिवशी फळीवर मोजून द्यावयाचे. विडी वळणारीचा हिशेब हजारावर. सुपात किती झाल्या ते क्षणोक्षणी दिसते. (या कामाची मजुरी तुटपुंजी आणि तंबाखूची धूळ घातक, ही गोष्ट वेगळी, येथे कामाच्या घडणीचा विचार आहे, स्तुतीचा नव्हे.) काम तुकड्यांत वाटलेले, फळ तत्काळ दिसणारे, सोबत माणसे, आणि वेळ सांगणारा ऋतू बाहेर उभा! चंचल चित्ताला जी जी काठी हवी ती ती येथे आयतीच रोवलेली आहे.

नंतर घड्याळ आले. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या दशकात येथून गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंदमापी केली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्याकडे अरुंदमापी फाटाही निघाला. जंक्शनाभोवती शहर वाढले, गिरण्या, पेढ्या व कचेऱ्या आल्या. कचेरीतील काम एकट्याने, भिंतीकडे तोंड करून करावयाचे; त्याचे फळ महिनाअखेर, कधी वर्षाअखेर; आणि मुदत कागदावर लिहिलेली. रोवणीच्या ओळीत खपून गेला असता असा मनुष्य टेबलापाशी उघडा पडतो. त्यात अलीकडे खिशातील दूरध्वनी दर मिनिटास हाक मारतो. हे यंत्र रोग उत्पन्न करिते असे म्हणणे घाईचे होईल. पण मुळातच ज्याचे कुंपण मोडके, त्याच्या शेतात ते ढोर सोडल्यासारखे आहे.

या अवस्थेत ज्ञानाची उणीव नसते. जाणलेले वेळेवर करता येत नाही, ही उणीव असते, असा सिद्धान्त रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडला आहे. म्हणून ‘मनावर घे’ हा उपदेश वाया जातो. त्याने शंभरदा मनावर घेतलेले असते. उपयोगी पडते ते मनाबाहेर काही उभारणे. बॉस्टनमध्ये स्टीव्हन सॅफ्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली, औषध चालू असूनही त्रास उरलेल्या शहाऐंशी प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना रीतसर कौशल्ये शिकविली, त्यांची लक्षणे केवळ विश्रांतीचे तंत्र व माहिती मिळालेल्यांपेक्षा अधिक कमी झाली. ती कौशल्ये अगदी घरगुती आहेत. वही एकच ठेवावयाची. सात ठिकाणी सात चिठ्ठ्या नाहीत. आपले मन एका बैठकीत किती मिनिटे टिकते ते घड्याळ लावून मोजावयाचे, आणि काम तेवढ्याच तुकड्यांत तोडावयाचे. मधेच दुसरा विचार आला तर त्याच्या मागे न धावता तो बाजूच्या कागदावर टिपून ठेवावयाचा, म्हणजे तो हरवत नाही आणि कामही मोडत नाही.

त्यात आपल्या घराला शोभतील अशा गोष्टी भर घालून करिता येतात. किल्ली, चष्मा व पाकीट यांना दारापाशी एक खुंटी-कोनाडा ठरवून द्यावा. विजेचे बिल बँकेमार्फत आपोआप भरले जाईल अशी सोय करावी. सद्गुणाची परीक्षा दरमहा घेत बसू नये. कंटाळवाण्या कागदांना बसताना पत्नीने किंवा भावाने आपले काम घेऊन शेजारी बसावे. त्याने बोलावयाचे नाही, देखरेखही करावयाची नाही, नुसते असावयाचे. ही रोवणीची ओळच होय. झोप आणि अंगमेहनत यांची हयगय अशा माणसाला इतरांपेक्षा महाग पडते. वाहन चालविताना अपघाताचा धोकाही त्याला अधिक असतो, म्हणून दुचाकीवर बसल्यावर फोन बंद हा नियम त्याने वादाचा विषय करू नये.

औषधाविषयी आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकाला ते विष वाटते, दुसऱ्याला परीक्षेच्या रात्रीची जादू. मेथिलफेनिडेट आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली नियंत्रित आहे. मनोविकार-तज्ज्ञाच्या चिठ्ठीने, नाडी व रक्तदाब पाहून, ठरल्या मात्रेतच ते घ्यावयाचे असते. अॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक वर्गाबाहेरचे औषधही मिळते. पुष्कळांना औषधाने खरा दिलासा मिळतो. परंतु औषध लक्ष देते, कशाकडे द्यावयाचे ते सांगत नाही. मित्राच्या गोळ्या घेणे हा गुन्हा तर आहेच, पण मूर्खपणाही आहे.

कायद्याचा आधार मात्र अजून पातळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकार आले. अध्ययन-अक्षमता त्यांत आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे कचेरीत सवलत मागणे हे बरेचसे साहेबाच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.

स्त्रियांची कथा आणखी मागे पडलेली आहे. उड्या मारणारा मुलगा वर्गात दिसतो. खिडकीबाहेर पाहत गप्प बसलेली मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पुढे तीच गृहिणी होते, आणि दूध उतू गेले की ‘लक्ष कुठे असते हिचे?’ हा प्रश्न आयुष्यभर ऐकते. कित्येकींना आपल्या मुलाच्या तपासणीच्या वेळी, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे देता देता, स्वतःचाच उलगडा होतो.

गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मोठ्या तपासणीसाठी नागपूर गाडीने काही तासांवर आहे. ज्याला प्रथम नुसते विचारावयाचे आहे, त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तज्ज्ञाकडे जाताना आई किंवा थोरली बहीण सोबत असल्यास बरे, कारण लहानपण कसे होते हे ते विचारणारच. घरातील जुन्या पेटीतून शाळेची प्रगतिपुस्तकेही शोधून न्यावी. ‘हुशार आहे, परंतु लक्ष नसते’, ‘वह्या अपुऱ्या’, ‘गप्पा फार’ असे लाल शाईचे जे शेरे गुरुजींनी रागाने लिहिले, ते आज तपासणीत पुरावा म्हणून वाचले जातात.