गडावरील साहस आणि पायथ्याचे ऋण

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठाणे होय. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून ते दूर आहे. पश्चिमेस महाबळेश्वरावर जो पाऊस दिवसचे दिवस कोसळतो, त्याचा अल्पसा अंशच या माळावर येऊन पोहोचतो. तथापि या मुलखास डोंगराची ओळख नाही असे मात्र नव्हे. शंभुमहादेवाच्या रांगेचे फाटे या बाजूने गेलेले आहेत. साताऱ्याहून पंढरपुरास जाणाऱ्या रस्त्यावर पुसेगावच्या अलीकडे वर्धनगड उभा आहे, आणि वडूजच्या नैऋत्येस सपाट रानात एकटाच उठलेला भूषणगड. एकावर वर्धनीमातेचे देऊळ, तर दुसऱ्यावर हरणाईचे. पंचक्रोशीतील माणसे पिढ्यानपिढ्या या गडांवर जात आली. परंतु ती देवीच्या दर्शनास, गुरे राखण्यास किंवा सरपणासाठी. केवळ चढण्याच्या आनंदासाठी डोंगर चढावा, ही कल्पना अशा गावांच्या दृष्टीने अगदी अलीकडची आहे.

आज ती कल्पना महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. पावसाळा लागला की शहरांतील तरुणांचे जथे शनिवार-रविवारी गडांच्या आणि धबधब्यांच्या वाटा धरतात. त्यांतील बहुतेक सुखरूप परततात. काही परतत नाहीत. कोणी निसरड्या कड्याच्या टोकाशी छायाचित्र काढून घेताना तोल जाऊन पडतो, कोणी धुक्यात वाट चुकून दरीत अडकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जीव वाहून गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. अशा प्रत्येक प्रसंगी दोर घेऊन कोणाला तरी खाली उतरावे लागते; आणि मग प्रश्न उभा राहतो की, या उतरण्याचे मोल कोणी द्यावयाचे? ज्याने धोका पत्करला त्याने, सरकारने, की ज्याच्या दाराशी डोंगर आहे त्या गावाने? प्रश्न आजचा दिसतो खरा. परंतु त्याची मुळे बरीच खोल गेलेली आहेत.

मराठी राज्यात गड म्हणजे तटबंदीने वेढलेला माथा एवढाच अर्थ नव्हता. गडाच्या भोवतीचा घेरा, उतारावरील मेटे, चोरवाटा, झाडी हे सारे मिळून गड होत असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे विवेचन आहे, त्यात वाटांचा आणि दिंड्यांचा विचार किती बारकाईने केला होता हे दिसून येते. कोणती वाट कोठे जाते, कोणत्या ऋतूत कोठला कडा सुटतो, रात्री कोठून चढता येते, हे ज्ञान गडावरील हवालदार-सबनीसांपेक्षा घेऱ्यात राहणाऱ्या रामोशी, कोळी, महार, मांग इत्यादी लोकांपाशी अधिक असे. आणि त्या ज्ञानाचे मोल राज्य देत असे. मेटकऱ्यांस जमिनी होत्या, वतने होती, हक्क होते. ते पुरेसे होते असे म्हणता येणार नाही. संकट आले की त्याची पहिली झळही पायथ्यालाच लागे. १७०१ च्या जून महिन्यात औरंगजेबाचा सरदार फत्तेउल्लाखान वर्धनगडावर चालून आला आणि गड मोगलांच्या हाती गेला. अशा स्वाऱ्यांत तटाच्या आत फौज असे, पण वाड्यावस्त्या मात्र उघड्यावर असत. तरीसुद्धा डोंगर जाणणाऱ्यास काही देणे लागते, एवढे तत्त्व त्या व्यवस्थेने मान्य केलेले होते.

पेशवाईच्या अखेरीस आणि पुढे इंग्रजी अमलात हे तत्त्वच ढासळले. पुरंदरच्या रखवालीचे पिढीजात हक्क ज्यांच्या हातून गेले, त्या रामोशांतूनच उमाजी नाईक उभा राहिला. १८२६ च्या सुमारास त्याने बंडाचा झेंडा उभारला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास त्याला फाशी देण्यात आले. इकडे १८१८ नंतर कंपनी सरकारने अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडविले, हेतू हा की तेथे पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये. आज ज्या ठिकाणी दोराशिवाय चढता येत नाही, अशा काही ठिकाणी पूर्वी पायऱ्या होत्या, ही गोष्ट हौशी गिर्यारोहकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. वाटा मोडल्या आणि वाटाड्याचा हक्कही मोडला.

वाटाड्याचे काम मात्र संपले नाही. मोबदला तेवढा आटला. गावोगावच्या महारांनी सरकारी टपाल न्यावे, फिरतीवर आलेल्या अंमलदारांस वाट दाखवावी, रात्री-अपरात्री बोलावणे आले की हजर व्हावे, अशी अपेक्षा होती. १८७४ च्या वतन कायद्याने या चाकरीस कायद्याचे बंधन घातले. बदल्यात मिळे ते इनाम जमिनीचे वाटणीवाटणीने झालेले तुकडे आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता: चोवीस तासांच्या चाकरीचे मोल निश्चित करा आणि ते देण्याची जबाबदारीही निश्चित करा. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. पुढे संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार निषिद्ध ठरविली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. फुकट वाट दाखविण्याची सक्ती कायद्याने संपली. परंतु पायथ्याच्या माणसाने संकटात धावून आलेच पाहिजे, आणि तेही विनामूल्य, ही समजूत मात्र सुशिक्षितांच्या मनातूनही समूळ गेली आहे असे दिसत नाही.

हिमालयातील साहसांचा इतिहास हेच सांगतो. १९२२ साली एव्हरेस्टवर चढाई करणाऱ्या ब्रिटिश तुकडीवर हिमलोट कोसळला आणि सात हमाल मरण पावले. कीर्ती कोणाची व्हावयाची होती आणि जीव कोणाचे गेले, हे वेगळे सांगावयास नको. १९३४ मध्ये मॉरिस विल्सन नावाचा इंग्रज, पर्वतारोहणाचा काहीएक अनुभव नसता, केवळ उपवास आणि श्रद्धा यांच्या बळावर एव्हरेस्ट चढण्यास निघाला. त्याने आधी लहानशा विमानातून हिंदुस्थान गाठले, मग परवानगीवाचून, वेष पालटून तिबेटात प्रवेश केला. त्याच्याबरोबर तीन हमाल होते. त्यांनी त्याला परत फिरण्याविषयी विनविले. तो एकटाच पुढे गेला. दुसऱ्या वर्षी एरिक शिप्टनच्या तुकडीस त्याचा देह बर्फात सापडला. विल्सनच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. अशा धन्याच्या मागे अवघड उंचीवर वाट पाहात राहणाऱ्या त्या तिघांनी कोणता धोका पत्करला, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

युरोपात हा हिशेब मांडण्यास आरंभ झाला तो एका अपघातानंतर. १८९६ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नाजवळील राक्स पर्वतावर हिमलोटाखाली तीन गिर्यारोहक गाडले गेले. त्यांच्या शोधासाठी झालेल्या धावपळीतून त्याच वर्षी व्हिएन्नात पर्वतीय सुटकेची संघटित व्यवस्था जन्मास आली. जगातील अशा आद्य संस्थांत तिची गणना होते. फ्रान्समध्ये १९५६ च्या अखेरीस माँ ब्लाँवर दोन तरुण अडकले. त्यांना सोडविण्यास गेलेले हेलिकॉप्टरच कोसळले आणि त्या दोघांचा अंत झाला. त्या घटनेने हादरलेल्या फ्रेंच सरकारने १९५८ मध्ये पर्वतातील सुटकेची जबाबदारी आपल्या यंत्रणेकडे घेतली. डोंगरात सापडलेल्याकडून तेथे सामान्यतः खर्च घेतला जात नाही. स्वित्झर्लंडचा मार्ग निराळा. तेथे १९५२ मध्ये स्थापन झालेली हवाई सुटका-संस्था खर्चाची आकारणी करते; मात्र विमा असेल तर तो विमेदार भरतो, आणि संस्थेस वार्षिक वर्गणी देणाऱ्यास ती सवलत देऊ शकते. ब्रिटनमध्ये हे काम बहुतांशी स्वयंसेवकांच्या तुकड्या करतात आणि सुटका झालेल्यास बिल पाठवीत नाहीत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानाने निष्काळजीपणाने वागलेल्या माणसाकडून शोधाचा खर्च वसूल करण्याचा कायदा केला, आणि २०१५ पासून पंचवीस डॉलरांचे एक ऐच्छिक कार्डही काढले. ते घेणाऱ्याची साधी चूक माफ होते, बेदरकारपणा माफ होत नाही.

या चार मार्गांत कोणता श्रेयस्कर, याचा निर्णय करण्यापूर्वी महाराष्ट्रातील वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे आहेत, पोलीस आहेत, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे. तथापि दरीत प्रत्यक्ष उतरण्याची वेळ येते तेव्हा पुष्कळदा लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वरचे ट्रेकर्स यांसारख्या मंडळांतील तरुणच पुढे होतात. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी मजुरीवर जाणारा. त्यांस वेतन नाही. दोर, शिरस्त्राणे, स्ट्रेचर बहुधा देणग्यांतून येतात. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली आणि एक सोडून सारे प्रवासी मरण पावले. भर पावसात त्या दरीतून एकेक देह वर आणण्याच्या कामी महाबळेश्वरचे आणि आसपासचे गिर्यारोहक जिवावर उदार होऊन राबले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीसाठी डोंगर चढत असताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्यास हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. सुटका करणाऱ्याचा जीवही पणास लागलेला असतो, याहून अधिक पुरावा तो कोणता?

आंबेनळीचे उदाहरण आणखी एका दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या बसमधील माणसे कोणतेही अविचारी साहस करीत नव्हती. दरीच्या काठावर उभा असलेला स्वयंसेवक खाली पडलेल्याचा दोष तपासू शकत नाही आणि तपासूही नये. म्हणून पहिले तत्त्व हे की, सुटका आधी आणि हिशेब मागाहून. पैशाच्या धास्तीने कोणी मदत मागण्यास तासभर उशीर केला, तर दिवस मावळतो, पाऊस वाढतो, आणि जी सुटका चार माणसांनी झाली असती तिला चाळीस लागतात. खर्चाची भीती ही अशा रीतीने कधी कधी खर्चच वाढविते.

परंतु याचा अर्थ बेदरकारपणास मोकळीक द्यावी असा होत नाही. मनाईचा फलक ओलांडून, गावकऱ्यांचा इशारा धुडकावून, मद्यपान करून जो कड्यावर जातो, त्याची चूक अज्ञानाची नसते. अशाकडून, चौकशी होऊन दोष सिद्ध झाल्यावर आणि त्याची ऐपत पाहून, खर्चाचा वाटा घेणे न्याय्यच ठरेल. तो पैसा सरकारी तिजोरीत जिरू नये. ज्यांचे दोर झिजले आणि ज्यांची मजुरी बुडाली त्यांच्याकडे तो जावा. जो गिर्यारोहक नियम पाळून जातो, त्याने विमा किंवा अल्पशी वर्गणी यांच्या द्वारे आपला वाटा आगाऊ उचलावा. साहसी सहलींवर नफा मिळविणाऱ्या संयोजकांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये धोरण आखून नोंदणीचे व सुरक्षिततेचे दंडक घातले आहेत. त्यांची अंमलबजावणी कसोशीने व्हावी. आणि सुटका करणाऱ्या स्वयंसेवकांच्या विम्याचा, शिक्षणाचा व साधनांचा भार सरकारने उचलावा. कारण त्यांनी केलेले काम हे मुळात सरकारचेच काम आहे.

या सर्वांहून स्वस्त असा एक उपाय मात्र पायथ्याच्या गावातच आहे. तेथील वाटाड्या. निघण्यापूर्वी त्याला विचारावे, त्याला सोबत घ्यावे आणि त्याचा रोजगार घासाघीस न करता हातावर ठेवावा. गडावर पाणी कोठे आहे, ढग कोणत्या अंगाने येतात, कोणती पायरी डुगडुगते, हे त्याला ठाऊक असते. त्याने ‘आज वर जाऊ नका’ असे सांगितले, तर तो सल्लाही मोबदल्यास पात्र समजावा. शेकडो वर्षांचे थकलेले देणे यामुळे फिटणार नाही. परंतु नवे थकणार तरी नाही.

वडूजच्या इतिहासात साहसाचे एक वेगळे पान आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील लोकांचा मोर्चा तेथील मामलेदार कचेरीवर चालून गेला. पोलिसांनी गोळीबार केला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मे झाले. पुढे काय होईल याची त्या माणसांना कल्पना नव्हती असे नाही. त्यांनी जे पणास लावले ते त्यांचे स्वतःचे होते, आणि जे मिळवावयाचे होते ते सर्वांचे होते. रविवारच्या सहलीस या कसोटीवर घासून पाहणे कोणास कठोर वाटेल. गडावर जाणाऱ्याने हुतात्मा व्हावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. मात्र कड्याच्या टोकाशी पाय ठेवण्यापूर्वी त्याने एवढे मनाशी विचारावे की, येथून तोल गेलाच तर खाली कोणाला उतरावे लागेल, आणि त्याच्या घरी त्या रात्री कोण जागत बसेल.