बार्ताली, जीनो

बार्ताली, जीनो : (१८ जुलै १९१४ – ५ मे २०००). विख्यात इटालियन व्यावसायिक सायकलपटू. ‘जिरो द इटालिया’ ही इटलीची प्रदक्षिणा-शर्यत त्यांनी तीनदा (१९३६, १९३७, १९४६) आणि ‘टूर द फ्रान्स’ ही फ्रान्सची प्रदक्षिणा-शर्यत दोनदा (१९३८, १९४८) जिंकली. टूरच्या दोन विजेतेपदांमध्ये दहा वर्षांचे अंतर असलेला दुसरा सायकलपटू आजवर झालेला नाही. या दहा वर्षांतली बरीचशी दुसऱ्या महायुद्धाने गिळली. १९४० ते १९४६ या काळात टूर भरलीच नाही, तर जिरोमध्ये १९४१ ते १९४५ असा खंड पडला. सायकलपटूची उमेदीची वर्षे म्हणजे पंचविशी ते तिशी. बार्ताली यांची नेमकी तीच वर्षे बहुतांशी मोठ्या शर्यतींविना गेली आणि त्याच वर्षांत त्यांनी सायकलवरूनच आपल्या आयुष्यातले सर्वांत जोखमीचे काम केले. म्हणून त्यांची कामगिरी केवळ विजयांच्या यादीवरून मापता येत नाही. यादीतली रिकामी वर्षेही त्यांच्या थोरवीचाच भाग आहेत.

बालपण आणि उदय : बार्ताली यांचा जन्म फ्लॉरेन्सजवळच्या पोंते आ एमा या गावी एका कष्टकरी कुटुंबात झाला. वडील तोरेल्लो मजुरी करीत. जीनो लहान वयातच गावातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. चाके बांधता-बांधता आणि तोस्कानाच्या टेकड्यांवर सायकल चालवता-चालवता त्यांच्यातली चढ चढण्याची असामान्य ताकद दिसू लागली. १९३५ मध्ये ते व्यावसायिक सायकलपटू झाले. त्याच वर्षी त्यांनी इटलीचे राष्ट्रीय अजिंक्यपद आणि जिरोतला घाटचढाईचा किताब मिळवला. पुढच्या वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी जिरोच जिंकली.

हे यश साजरे होत होते तोच जून १९३६ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ जूलियो एका शर्यतीत मोटारीशी टक्कर होऊन मरण पावला. जूलियो हाही होतकरू सायकलपटू होता. या आघाताने बार्ताली यांनी शर्यती सोडून देण्याचा विचार केला. आप्तांच्या आग्रहाने ते परतले आणि त्याच वर्षी त्यांनी लोम्बार्दीची शर्यत जिंकली. आधीपासून असलेली त्यांची धर्मश्रद्धा या घटनेनंतर अधिकच दृढ झाली. गृहस्थांसाठी असलेल्या कार्मेलाईट संघाच्या शाखेत त्यांनी दीक्षा घेतली आणि लोक त्यांना ‘भाविक जीनो’ म्हणू लागले. स्वभाव मात्र मवाळ नव्हता. फटकळ, कुरकुऱ्या आणि मनात येईल ते तोंडावर बोलणारा हा माणूस तोस्कानी लोकांना ‘जिनेत्ताच्चो’ या टोपणनावाने प्रिय होता.

फॅसिस्ट राजवट आणि १९३८ ची टूर : मुसोलिनीच्या राजवटीला इटालियन खेळाडूंचे परदेशातले विजय प्रचारासाठी हवे होते. १९३७ मध्ये जिरो दुसऱ्यांदा जिंकून बार्ताली टूरमध्ये उतरले. आल्प्समध्ये ग्रेनोब्लला त्यांनी टूरमधल्या आघाडीवीराची पिवळी जर्सी मिळवली, पण लगेच पुढच्या टप्प्यात ते एका पुलावरून बर्फगार ओढ्यात कोसळले. जखमी अवस्थेत ते काही दिवस शर्यतीत टिकून राहिले, पण अखेर त्यांना माघार घ्यावी लागली. १९३८ मध्ये क्रीडा अधिकाऱ्यांनी त्यांना जिरोत भाग घेऊ दिला नाही. सगळी ताकद टूरसाठी राखून ठेवण्याचा हुकूम होता. त्या वर्षी दीन्य ते ब्रियाँसाँ या टप्प्यात आलोस, व्हार्स आणि इझोआर हे तीन घाट पार करून बार्ताली यांनी बेल्जियमच्या फेलिसियां व्हेर्वाक यांच्याकडून आघाडी हिसकावली आणि १८ मिनिटे २७ सेकंदांनी शर्यत जिंकली. सर्वसाधारण विजेतेपद आणि घाटचढाईचा किताब एकाच टूरमध्ये मिळवणारे ते पहिले सायकलपटू ठरले. हा विजय मुसोलिनीला अर्पण करण्याचे मात्र त्यांनी टाळले. ते कॅथलिक युवक चळवळीतले होते आणि राजवटीपेक्षा चर्चशी त्यांची निष्ठा मोठी होती.

चढाईची पद्धत आणि साधने : त्या काळी आल्प्समधले बहुतेक घाटरस्ते खडीचे आणि मातीचे होते. पावसात चिखल होई, उन्हात धूळ उडे. गियर बदलणारी यंत्रणा वापरायला टूरने १९३७ मध्येच प्रथम परवानगी दिली होती. १९४८ मध्ये बार्ताली यांनी वापरलेल्या काम्पान्योलो यंत्रणेत मागच्या चाकाजवळ दोन दांड्या असत. स्वाराने मागे हात घालून एका दांडीने चाकाची पकड सैल करायची, पेडल उलटे फिरवत दुसरीने साखळी दुसऱ्या दात्यांवर न्यायची आणि मग चाक पुन्हा आवळायचे. हे सगळे चालत्या सायकलवर, घाटात, करायचे. बार्ताली एका लयीत चढत नसत. पेडलवर उभे राहून अचानक उसळी घ्यायची, थोडे सैल सोडायचे आणि प्रतिस्पर्धी जवळ आला की पुन्हा उसळायचे, अशी त्यांची रीत होती. लांबलचक आणि खराब हवामानातल्या टप्प्यांत त्यांचा हा मारा सहन करणे फार थोड्यांना जमले.

कोप्पी यांचा उदय : १९४० च्या जिरोत लेन्यानो संघाचे प्रमुख बार्ताली होते. त्यांचा साहाय्यक म्हणून फाउस्तो कोप्पी (१९१९–१९६०) हा वीस वर्षांचा तरुण संघात आला होता. दुसऱ्याच टप्प्यात एक कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडले आणि जायबंदी झाले. पुढे आपेन्निनी डोंगरातल्या टप्प्यावर कोप्पी यांनी एकट्याने मुसंडी मारून जिरोतल्या आघाडीवीराची गुलाबी जर्सी मिळवली. बार्ताली यांनी मनातली निराशा गिळून उरलेल्या शर्यतीत या तरुणाला मदत केली. कोप्पी जिरोचे सर्वांत तरुण विजेते ठरले. शर्यत ९ जूनला संपली आणि १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली.

युद्धकाळातील कार्य : सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटलीचा उत्तर व मध्य भाग व्यापला आणि तिथल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी ज्यू कार्यकर्त्यांच्या मदतीने या ज्यूंना लपवण्याचे आणि खोटी ओळखपत्रे पुरवण्याचे जाळे उभारले. बार्ताली यांचे लग्न १९४० मध्ये याच कार्डिनलनी लावले होते. आसिसी येथे बिशप जूसेप्पे निकोलिनी आणि फादर रुफीनो निकाच्ची यांच्या पुढाकाराने लुईजी व त्रेंतो ब्रीत्सी हे छापखानेवाले पितापुत्र अशी ओळखपत्रे छापत. छायाचित्रे तिकडे पोचवायची आणि तयार कागद परत आणायचे काम बार्ताली यांच्याकडे आल्याचे सांगितले जाते. कागद गुंडाळून सायकलच्या पोकळ नळ्यांत, सीटखाली आणि हँडलमध्ये लपवले जात. फ्लॉरेन्स ते आसिसी हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. शर्यतींचा सराव हे या फेऱ्यांना पुरेसे कारण होते. तपासणी नाक्यावर अडवलेच, तर माझ्या सायकलची मोजमापे फार काटेकोरपणे जुळवलेली आहेत, तिला हात लावू नका, असे ते सांगत. नाक्यावरचे शिपाईही त्यांचे चाहतेच असत.

यांखेरीज त्यांनी गोल्डेनबेर्ग या ज्यू कुटुंबाला आश्रय दिला आणि फ्लॉरेन्समधल्या एका तळघरात लपवून जगवले. त्या कुटुंबातील मुलगा जॉर्जो याने पुढे तशी साक्ष दिली. संशयावरून फॅसिस्ट पोलिसांनी बार्ताली यांना ‘व्हिल्ला त्रिस्ते’ या छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या ठाण्यात चौकशीला बोलावले होते. तेथून ते सुटले. युद्धानंतर त्यांनी या विषयावर जाहीरपणे जवळजवळ काहीच सांगितले नाही. सत्कर्म करावे, त्याची वाच्यता करू नये, अशी शिकवण ते मुलगा आंद्रेआ याला देत. २०१३ मध्ये जेरूसलेमच्या याद व्हाशेम या संस्थेने त्यांना ‘राष्ट्रांमधील सज्जन’ हा सन्मान मरणोत्तर दिला. त्यांच्या फेऱ्यांचे तपशील आणि वाचलेल्यांची संख्या यांविषयी काही इटालियन इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, कारण यातले बरेचसे आठवणींवर आधारलेले आहे. वर्तमानपत्रांत येणारे मोठे आकडे म्हणूनच जपून वापरावे लागतात. गोल्डेनबेर्ग कुटुंबाची साक्ष मात्र थेट आहे, आणि एका कुटुंबासाठी स्वतःच्या बायको-मुलाचा जीव धोक्यात घालण्याचे मोल कुठल्याही मोठ्या आकड्याने वाढत नाही.

१९४८ ची टूर : युद्धानंतर १९४६ ची जिरो बार्ताली यांनी कोप्पींपेक्षा केवळ ४७ सेकंद कमी वेळ घेऊन जिंकली. १९४८ मध्ये ते टूरमध्ये उतरले तेव्हा त्यांचे वय चौतिशीला टेकले होते आणि वृत्तपत्रे त्यांना म्हातारा म्हणू लागली होती. १४ जुलैला, कान येथील विश्रांतीच्या दिवशी, फ्रान्सचे लुईझाँ बोबे यांच्यापेक्षा ते २१ मिनिटांहून अधिक मागे होते. त्याच दिवशी रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मीरो तोग्लियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभर संप आणि दंगली उसळल्या. यादवी पेटते की काय, अशी भीती निर्माण झाली. पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी यांनी त्या रात्री बार्ताली यांना दूरध्वनी करून विजयाची गळ घातल्याचे सांगितले जाते.

दुसऱ्या दिवशी कान ते ब्रियाँसाँ या २७४ किलोमीटरांच्या टप्प्यात, थंडीपावसात, बार्ताली यांनी दहा वर्षांपूर्वीचेच आलोस, व्हार्स आणि इझोआर हे घाट पुन्हा सर केले. टप्पा जिंकला तेव्हा बोबे यांची आघाडी जेमतेम एका मिनिटावर आली होती. पुढच्या दिवशी एक्स-ले-बँ येथे त्यांनी पिवळी जर्सी घेतली आणि त्यानंतरचा लोझानचा टप्पाही जिंकला. पॅरिसला ते बेल्जियमच्या ब्रीक स्कोटे यांच्या २६ मिनिटे १६ सेकंद पुढे होते. या शर्यतीत त्यांनी एकूण सात टप्पे जिंकले आणि घाटचढाईचा किताबही मिळवला. त्यांच्या विजयाने इटलीतले यादवी युद्ध टळले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. तोग्लियात्ती बचावले, त्यांनी व पक्षाच्या नेत्यांनी अनुयायांना आवरले आणि सरकारनेही बंदोबस्त राखला. पण रेडिओभोवती जमलेल्या लोकांना त्या तीन दिवसांत एकत्र आनंद मानण्याजोगे काहीतरी मिळाले, हे खरे.

बार्ताली आणि कोप्पी : युद्धोत्तर इटली या दोघांच्या चाहत्यांत विभागली गेली होती. बार्ताली हे खेडेगावाचे, परंपरेचे आणि चर्चचे प्रतीक मानले गेले, तर कोप्पी हे आधुनिक, शास्त्रशुद्ध आहार-सराव करणारे आणि इहवादी. पुढे विवाहबाह्य संबंधांवरून कोप्पी यांच्यावर खटला झाल्याने ही प्रतिमा अधिकच गडद झाली. प्रत्यक्षात ही विभागणी इतकी सोपी नव्हती. कोप्पी डाव्या विचारांचे नव्हते आणि बार्ताली कसलेले डावपेची होते. वैर मात्र खरे होते. १९४८ च्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत, व्हाल्केनबुर्ख येथे, दोघे एकमेकांवरच पाळत ठेवत राहिले आणि शेवटी शर्यत सोडून उतरले. इटालियन महासंघाने दोघांनाही निलंबित केले. कोप्पी कोणते औषध घेतात हे शोधण्यासाठी बार्ताली त्यांनी फेकलेल्या बाटल्या आणि सोडलेली हॉटेलातली खोली तपासत, असे त्यांनी स्वतःच नंतर सांगितले.

१० जून १९४९ रोजी जिरोच्या कूनेओ–पिनेरोलो टप्प्यात कोप्पी यांनी पाच घाटांतून १९२ किलोमीटर एकट्याने आघाडी टिकवली. दुसरे आलेले बार्ताली ११ मिनिटे ५२ सेकंद मागे होते. त्यानंतरच्या टूरमध्ये राष्ट्रीय संघ उतरत असल्याने दोघांना एकाच संघात खेळावे लागले आणि त्यांचा मेळ घालण्याचे अवघड काम मार्गदर्शक आल्फ्रेदो बिंदा यांनी केले. १८ जुलैला ब्रियाँसाँच्या टप्प्यात दोघे एकत्र पुढे निघाले आणि पस्तिसाव्या वाढदिवशी बार्ताली यांना कोप्पी यांनी टप्पा जिंकू दिला. टूर कोप्पी यांनी जिंकली. बार्ताली दुसरे आले. १९५२ च्या टूरमध्ये चढावर एकमेकांना पाण्याची बाटली देतानाचे त्यांचे छायाचित्र इटलीत घरोघरी पोचले आणि कोणी कोणाला पाणी दिले हा वाद अजून चालू आहे. त्याच टूरमध्ये बार्ताली यांनी कोप्पींना आपले चाकही काढून दिले होते.

उत्तरायुष्य : बार्ताली यांनी मिलान–सान रेमो ही शर्यत चारदा (१९३९, १९४०, १९४७, १९५०), लोम्बार्दीची तीनदा (१९३६, १९३९, १९४०), स्वित्झर्लंडची प्रदक्षिणा दोनदा (१९४६, १९४७) आणि इटलीचे अजिंक्यपद चारदा (१९३५, १९३७, १९४०, १९५२) जिंकले. जिरोतला घाटचढाईचा किताब त्यांनी सातदा मिळवला. त्यांच्या नावावर जिरोचे १७ आणि टूरचे १२ टप्पे आहेत. मोटार अपघातातील दुखापतीनंतर १९५४ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे ते सान पेल्लेग्रीनो संघाचे संचालक झाले. १९६० च्या हंगामासाठी कोप्पी याच संघात यायचे होते, पण आफ्रिकेत जडलेल्या मलेरियाने २ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. बार्ताली यांनी उर्वरित आयुष्य फ्लॉरेन्समध्ये काढले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. पोंते आ एमा येथे त्यांच्या नावे सायकल संग्रहालय आहे. २०१८ च्या जिरोचा प्रारंभ जेरूसलेमहून झाला तेव्हा त्यांना आदरांजली वाहण्यात आली आणि इस्रायलने त्यांना मरणोत्तर मानद नागरिकत्व दिले.

मूल्यमापन : आकडेवारीत कोप्पी बार्तालींपेक्षा सरस ठरतात, त्यांच्या नावावर पाच जिरो आणि दोन टूर आहेत. मात्र युद्धाआधीच्या लोखंडी सायकलींच्या, कच्च्या रस्त्यांच्या पिढीशी आणि युद्धानंतरच्या कोप्पी-बोबे यांच्या पिढीशी, अशा दोन पिढ्यांशी झुंजून दोन्हींत अव्वल ठरलेले बार्ताली एकटेच. शरीराची ताकद, कडवी चिकाटी आणि श्रद्धेतून आलेली निर्भयता हे तिन्ही गुण त्यांनी शर्यतीत वापरले, तसेच माणसे वाचवण्यासाठीही वापरले. विजयाबद्दल ते उच्चरवाने बोलत, परोपकाराबद्दल गप्प राहत. सायकल शर्यतींच्या इतिहासात त्यांचे स्थान या दोन्ही गोष्टींनी मिळून ठरते.