वैद्यांचा वाद आणि उंदरांची साक्ष

शास्त्रज्ञांतच दुमत असतां शास्त्र न जाणणाऱ्यानें कोणाचें ऐकावें? वर्गांत प्लेगचा इतिहास शिकवितांना विद्यार्थी मला हा प्रश्न हटकून विचारतात. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. व्हिएगस यांनीं मुंबईच्या मांडवी भागांत प्लेगचें निदान केलें, तेव्हां तेथल्या रहिवाशांपुढें हाच प्रश्न होता. पण तो त्यांच्या जिवाशीं गांठ घालणारा होता.

प्लेगचा जंतु येर्सिननें १८९४ मध्येंच हाँगकाँग येथें शोधला होता. तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा, यावर मात्र मतभेद होते. कोणी जमिनींतील घाणीस दोष देई, कोणी स्पर्शास, कोणी अन्नास. या अनिश्चित मतांवर सरकारनें अगदीं निश्चित उपाय योजले. गटारें व घरें औषधांनीं धुतलीं, छपरें उघडलीं, आजाऱ्यांस इस्पितळांत आणि त्यांच्या माणसांस छावण्यांत नेलें. १८९७ मध्यें पुण्यांत झडतीसाठीं गोरे सोजीर घरांत शिरले. शास्त्रांत मत चुकणें हा अपराध नव्हे. अर्धें मत सिद्ध म्हणून शिपायाच्या हातीं देणें हा मात्र, माझ्या मतें, अपराधच होय.

सामान्य माणसास एवढें दिसत होतें कीं, आधीं उंदीर मरतात, मग माणसें. गढवाल-कुमाऊंत तर उंदीर पडूं लागतांच गांव सोडण्याची चाल जुनी होती. १८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत काचेच्या बरणींत पिसवांसह रोगी उंदीर ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यांत वेगळा टांगला. दोघांचा स्पर्श शक्य नव्हता. जाळींतून पिसूच काय ती जाऊं शके. निरोगी उंदीर प्लेगनें मेला. पिसवा नसलेल्या रोगी उंदराजवळ ठेवलेले उंदीर मात्र जगले. ही बरणी समजण्यास पदवी लागत नाहीं. तरीही सरकारनें नेमलेल्या प्लेग कमिशननें हें मत नाकारलें! पुढें १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधकमंडळानें पिंजरे पुन्हा टांगले. पिसूच्या उडीपलीकडचे गिनीपिग वांचले, जमिनीलगतचे मेले.

यावरून लोकांचेंच नेहमीं खरें असें कोणी समजूं नये. हाफकिननें प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगांत टोंचलेल्या व न टोंचलेल्या कैद्यांची तुलना केली. तरी शहरांत लशीविषयीं भलत्या कंड्या पिकतच होत्या. १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली, त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले, आणि भीतीस आधार मिळाला. चौकशीनें दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनचें पद गेलें.

पण मेलेल्या एकोणीसही जणांस एकाच बाटलींतील लस दिलेली होती. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतून टोंचलेल्यांस कांहीं झालें नाहीं. ती बाटली गांवांत उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. ही गोष्ट बाटल्या मोजतां येणाऱ्या कोणासही पटली असती. वाद मिटण्यास मात्र रॉससारख्या शास्त्रज्ञांना १९०७ मध्यें 'टाइम्स'कडे पत्र धाडावें लागलें. त्याच वर्षीं हाफकिन दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव १९२५ मध्यें मिळालें. तोंवर त्यांनीं हिंदुस्थान सोडला होता.