उजवीकडचा आकडा

चार वर्षांपूर्वी, पहिल्याच नोकरीत, माझ्याकडे एक किरकोळ वाटणारं काम आलं. एका परीक्षेच्या ४,२०० उमेदवारांना केंद्र बदलल्याचा एसएमएस पाठवायचा होता. एका खेपेला शंभरच नंबर जात, म्हणून लिस्टचे शंभर-शंभरचे तुकडे करायचे. शंभर नोंदींच्या लिस्टमध्ये शेवटचीचा इंडेक्स ९९ असतो, हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात बसलेलं. म्हणून मी पहिला तुकडा नावे[०:९९] असा कापला, दुसरा नावे[१००:१९९]. (व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलेलं पायथॉन ३ला चालतं, आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) कोड चालला, एकही एरर नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन यायला लागले. प्रत्येक तुकड्यातला शेवटचा माणूस गळला होता. एकूण ४२ जण. त्यातले किती वेळेत नव्या केंद्रावर पोचले, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

पायथॉन स्लाइस करताना डावीकडचा आकडा धरतो आणि उजवीकडचा सोडतो. ०:९९ म्हणजे ० ते ९८. असला विचित्र नियम कुणी केला, या रागातून मी वाचायला लागलो आणि पोचलो अॅमस्टरडॅमला.

तिथे 'मॅथेमॅटिकल सेंटर' नावाची संशोधनसंस्था होती. १९८३ साली तिचं नाव सीडब्ल्यूआय झालं. एडस्खर डाइक्स्ट्रा १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं तिथे होता. पुढे, ऑगस्ट १९८२मध्ये, त्याने मोजणी शून्यापासून का करावी यावर एक छोटंसं हस्तलिखित टिपण लिहिलं. २ ते १२ हे आकडे चार प्रकारे सांगता येतात: दोन्ही टोकं धरून, दोन्ही सोडून, फक्त डावं धरून किंवा फक्त उजवं धरून. त्याच्या मते डावं धरून उजवं सोडणं सगळ्यात बरं. मग दोन टोकांची वजाबाकी केली की थेट संख्या मिळते, आणि एक तुकडा जिथे संपतो त्याच आकड्यावर पुढचा सुरू होतो. झेरॉक्सच्या मेसा या भाषेत चारही प्रकार लिहायची सोय होती, आणि बाकीच्या तीन प्रकारांनी चुका वाढतात असा तिथला अनुभव होता, हेही त्याने नोंदवलंय. म्हणजे माझ्या ४२ माणसांवरचा उपाय माझ्या जन्माआधीच लिहून ठेवलेला होता: ०:१००, १००:२००, २००:३००. कुठेही एक वजा करायचा नाही.

याच सीडब्ल्यूआयमध्ये लॅम्बर्ट मेर्टेन्स, लिओ गर्ट्स आणि स्टीव्हन पेम्बर्टन यांनी नवशिक्यांसाठी एबीसी ही भाषा बनवली. तिच्यात मोजणी एकपासून होती. शिवाय लिस्टमध्ये काहीही टाका, ती स्वतःच क्रमाने लावून ठेवायची. शिकणाऱ्याला सोयीचं, पण आलेला क्रम जपायचा असेल तर पंचाईत. या गटात काम केलेल्या खिदो व्हान रॉसम याने १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथॉन लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१मध्ये ती लोकांपुढे ठेवली. एबीसीतलं बरंच त्याने उचललं, पण लिस्ट तुम्ही टाकाल त्या क्रमाने राहू दिली आणि मोजणी शून्यावर आणली. अनेक वर्षांनी त्याने कारण सांगितलं ते स्लाइसचंच: डावं धरून उजवं सोडायचं, तर शून्यापासूनची मोजणी सगळ्यात देखणी बसते. आपल्याकडे तळमजल्याच्या वरच्या मजल्याला पहिला मजला म्हणतात. इंडेक्स तसाच आहे, सुरुवातीपासून किती वर चढायचं ते सांगणारा. मला शिकवताना हे कुणी का सांगितलं नाही, कोण जाणे.

लिस्ट आपोआप क्रमाने लागत नाही म्हटल्यावर सॉर्ट करणं आलं. २००२ साली टिम पीटर्सने त्यासाठी टिमसॉर्ट लिहिला. खऱ्या डेटात बरेच तुकडे आधीच क्रमाने लागलेले असतात, ते हुडकून जोडत जायचं, ही त्याची युक्ती. पुढे जावाने तो घेतला आणि अँड्रॉइडमध्येही गेला. २०१५ साली संशोधकांच्या एका गटाने तो बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला घेतलं आणि सिद्धता अडली. त्यात खरंच बग होता. सहा-सात कोटी नोंदी मुद्दाम विशिष्ट प्रकारे रचल्या, तर जावातला टिमसॉर्ट इंडेक्स हद्दीबाहेर गेल्याची एरर देऊन कोसळायचा. पायथॉनमध्ये तो उघडा पडायला आपल्या मशीनच्या मेमरीत मावणारच नाही एवढी लिस्ट लागली असती, तरी दुरुस्ती केलीच. तेरा वर्षं कुणाला दिसला नाही असा हा बग शोधणारे काही जण सीडब्ल्यूआयचेच होते.

मागच्या महिन्यात माझी मामेबहीण पायथॉन शिकायला बसली. तिनेही पहिल्या शंभरासाठी ०:९९च लिहिलं. मी काही बोललो नाही, फक्त त्या तुकड्याची लांबी छापून बघायला सांगितली. स्क्रीनवर ९९ आलं. "दादा, एक कुठे गेला?" तिने विचारलं.