देवस्थानची मिळकत आणि भीमामाईचे पाणी

भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावणारी भीमा ही या परिसराची माता होय. काठच्या अनेक गावांची देवळे पूर्वी नदीलगत असत. पूजाअर्चा व दिवाबत्ती अखंड चालावी म्हणून देवाच्या नावे जमिनी इनाम दिलेल्या असत. सातबारावर अशा जमिनी ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ म्हणून ओळखल्या जातात. धनी देव, वहिवाटदाराने उत्पन्नातून सेवा चालवावी, जमीन मोडू नये, असा दंडक होता. सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेही धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून स्थावर मिळकत विकण्यास विश्वस्तांना मनाई केली.

सन १९६६ मध्ये उजनी धरणाचा पाया घातला गेला व सन १९८० मध्ये ते पूर्ण झाले. यशवंतसागरात करमाळा, माढा, इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांतील जमिनी गेल्या. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर बुडाले. गाव नव्या जागी वसले. सन २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी ओसरले तेव्हा ते जुने मंदिर पुन्हा दिसू लागले होते.

ज्या देवस्थानांच्या जमिनी बुडाल्या, त्यांचे वार्षिक उत्पन्नही बुडाले. मोबदला एकदाच मिळतो. जमीन दरसाल पिकते. तथापि त्याच पाण्यावर पुढे मोटारी बसल्या, ऊस उभा राहिला, मच्छीमारी वाढली. आज देवळांना मिळणारी वर्गणी बहुतांशी या पाण्याचीच कमाई आहे. पाण्याने देवाची जमीन घेतली आणि पाण्यानेच देऊळ उभारण्याचे बळ दिले.

म्हणून हे पाणीही देवाच्या मिळकतीप्रमाणेच सांभाळले पाहिजे. मुळा-मुठेतून पुण्याकडील सांडपाणी येते, जलपर्णी माजते, हे खरे. परंतु तेवढ्याने काठच्या गावांची जबाबदारी टळत नाही. हेच पाणी सोलापूरकर पितात व आषाढीस चंद्रभागेत वारकरी त्यातच स्नान करतात.

निर्माल्य पाण्यात न टाकता खड्ड्यात कुजवून खत करावे. आवारात वड, पिंपळ, बेल लावून जगवावेत. देणगीचा काही भाग देखभालीसाठी राखून हिशेब दरसाल ग्रामसभेपुढे वाचावा. कळस एकदा चढतो. सेवा रोज करावी लागते. ती करण्याची सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.